वाळूच्या टेकडीमागचे घर: एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. समुद्रकाठच्या पर्यावरणपूरक वसाहतीतील, स्वतः रांधून खाण्याची सोय असलेल्या भाड्याच्या घरांविषयी मी जे लिहिले त्यात कौतुकच फार झाले, दहा कुटुंबांच्या दहा शेगड्या आणि दहा फ्रीज चालण्यापेक्षा हॉटेलचे एकच स्वयंपाकघर निसर्गाला परवडले असते आणि रात्री दिवे मंद ठेवण्याचा नियम म्हणजे निव्वळ देखावा, असे आपले तीन आक्षेप आहेत. पहिला मला मान्य आहे.

दिव्यांचे आधी सांगतो. अंड्यातून बाहेर पडलेली समुद्री कासवाची पिल्ले रात्री जिकडचे क्षितिज अधिक उजळ दिसेल तिकडे धाव घेतात. एरवी ती बाजू समुद्राची असते, पण किनाऱ्यालगत घरे झाली की ती व्हरांड्यातल्या दिव्याच्या रोखाने निघतात आणि उन्हे वर आल्यावर वाळूतच सुकून मरतात. म्हणून अशा ठिकाणी ५६० नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीचे, साधारणतः केशरी किंवा तांबडे, खाली तोंड केलेले दिवे लावतात. आम्ही उतरलो होतो तिथे पायवाटेचे दिवे जेमतेम गुडघ्याएवढे उंच आणि वरून पत्र्याने झाकलेले होते. पहिल्या रात्री ठेचकाळलो तेव्हा मीही वैतागलो होतो, हे कबूल करतो.

स्वयंपाकघराचा हिशेब आपण मांडता तितका सरळ नाही. हॉटेलात मांडून ठेवलेल्या न्याहारीतले किती टाकले जाते आणि चादरी रोज का धुतल्या जातात, हेही त्यात धरावे लागेल. घर रिकामे असतानाही फ्रीज चालू ठेवतात, ही उधळपट्टी मात्र खरीच.

खरा मुद्दा आपल्याही नजरेतून सुटला आणि माझ्याही: पाणी. किनाऱ्यावर जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गायबेन-हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत त्याचा साठा असतो. म्हणजे उपशामुळे पातळी १ मीटरने उतरून तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० मीटर वर सरकते. हिरवळ टाळून टेकडीवरची मूळची झुडपे राखणाऱ्या त्या वसाहतीत प्रत्येक घरामागे एक छोटा तरणतलाव होता आणि तो बोअरवेलच्या पाण्याने भरत. तिथला चहा मला मचूळ लागला होता. मी चहाची पूड बदलून पाहिली, पण बोअरवेलविषयी विचारण्याचे सुचले नाही. मूळ लेखात तरणतलावाचा हा परिच्छेद आज घातला आहे.