चौदाशे वर्षांचा हिशेब आणि आत्याचं इन्शुलिन

गेल्या आठवड्यात फैजपूरला आत्याकडे गेलो होतो. पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर दारात लोणच्याच्या बरणीमागे इन्शुलिनचं पेन. महिन्यापूर्वी मीच आणून दिलेलं, खोक्याचं सीलही फोडलेलं नव्हतं. "आता नही लागत रे भाऊ ते," आत्या म्हणाली आणि देवघराकडे बोट दाखवलं. तिथे मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत गढूळसर पाणी होतं. तापी-पूर्णेच्या संगमाचं. रोज अनशापोटी अर्धा पेला प्यायचं आणि मोबाइलवर बघून श्वास कोंडून बसायचं. तिथल्या तिथे बोट टोचून साखर बघितली: 386.

हे आलं संगमाजवळच्या एका योग केंद्राच्या नावाने फिरणाऱ्या मेसेजमधून. माझ्याकडेच तो चार ग्रुपांवरून आलाय. मजकूर असा: चांगदेव महाराज कुंभकाच्या, म्हणजे श्वास कोंडून धरण्याच्या, बळावर 1400 वर्षे जगले, विज्ञानानेही ते मान्य केलंय. ते भास्कराचार्यांचे नातू, संगमावरच्या चांगदेव गावचं देऊळ त्यांनीच बांधलं, ते युनेस्कोच्या यादीत आहे. तापी ही भारतातली एकमेव पश्चिमवाहिनी नदी, म्हणून तिच्या काठी ऊर्जा उलटी फिरते. आणि 21 दिवस संगमाचं पाणी पिऊन कुंभक केला की साखरेचं औषध कायमचं सुटतं. खाली तीन दिवसांच्या शिबिराची फी.

आधी औषधाचं, कारण बाकीच्या थापांनी कुणी दवाखान्यात जात नाही.

संगमाच्या परिसरात उभं राहून बघा, समोर पसरलेलं पाणी म्हणजे हतनूर धरणाचा फुगवटा. तेच पुढे तापीतून खाली येतं आणि गाळून भुसावळच्या नळाला येतं. तापीच्या पाण्याने साखर उतरत असती, तर भुसावळात एक तरी मेडिकल चाललं असतं का? न गाळता प्यायलं की त्यात औषध वाढत नाही, गावोगावचं सांडपाणी, निर्माल्य आणि राख तेवढी जास्त मिळते. पाण्यात गंधक आहे म्हणे. गंधकाचा गरम झरा आहे तो चोपडा तालुक्यात, उनपदेवला. लोक तिथे आंघोळीला जातात. त्याचा या संगमाशी काय संबंध?

कुंभकाबद्दल एक कबूल करतो, नाइलाजाने. रोज शांत बसून संथ श्वास घेतला तर रक्तदाबाला बरं पडतं, नियमित योगासनांनी साखरेलाही थोडाफार हातभार लागतो. पण तो औषधाच्या जोडीने, औषधाऐवजी नाही. आणि श्वास जोर लावून कोंडणं ब्लडप्रेशरवाल्यांनी करू नये, हे कुठलाही बरा योगशिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो. आत्याला ब्लडप्रेशरही आहे. मेसेजला ते कुठून माहीत असणार?

आता चौदाशे वर्षं. कुठल्या विज्ञानाने मान्य केलं, हे मेसेजमध्ये नाही, कारण कुठल्याच केलेलं नाही. पण मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ही कथा आपल्याकडे लहानपणापासून सांगितली जाते आणि मेसेज लिहिणाऱ्याने ती नेमकी उलटी केलीय. ज्ञानेश्वर वयाने लहान, ज्ञानाने मोठे, तेव्हा चिरंजीव लिहावं की तीर्थरूप हे चांगदेवांना ठरवता आलं नाही, म्हणून त्यांनी कोरा कागद पाठवला. तो बघून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! त्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणजे 65 ओव्यांची चांगदेव पासष्टी. म्हणजे आयुष्य लांबवण्याच्या सिद्धीची कथेनेच टिंगल केलीय. चांगदेव पुढे ज्या मुक्ताईला शरण गेले, ती परंपरेच्या हिशेबाने 1279 ला जन्मली आणि 1297 ला इथेच तापीकाठी विजेच्या लोळात लुप्त झाली. अवघी अठरा वर्षं! आत्या दर महाशिवरात्रीला तिच्याच यात्रेला जाते, आणि भुलली ती चौदाशेला.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव होता, हे खरं. पण तो हा नव्हे. चाळीसगावजवळ पाटणला शके 1128 च्या (इ.स. 1206-07) सुमाराचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यातला चांगदेव हा लक्ष्मीधराचा मुलगा, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला. लेखाच्या शेवटी चक्क जुनी मराठी आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल, त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं, अशा अर्थाची. विद्येसाठी बाजाराचा कर लावून देणारे लोक इथे होते, अभिमान धरायचाच तर याचा धरा ना भो! योगी चांगदेवांची ज्ञानेश्वरांशी भेट त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. दोघांना ओढूनताणून एक केलं तरी वय सव्वाशेच्या आसपास थांबतं, चौदाशे होत नाही. आणि योगी चांगदेवांची समाधी दाखवतात ती गोदावरीकाठी, पुणतांब्याला.

देऊळ हेमाडपंती, सुरेख, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं. युनेस्कोच्या यादीत नाही. पश्चिमेकडे नर्मदाही वाहते, महीही, आणि पूर्णा तर मेसेजवाल्याच्या डोळ्यांसमोर वाहते. उलट्या ऊर्जेबद्दल काय बोलायचं!

तापीचं माहात्म्य मी नाकारत नाही. ती सूर्यकन्या, आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती, आमच्या घरीही ओटी भरतात. जुनी माणसं सांगतात की गंगेच्या स्नानाने, नर्मदेच्या दर्शनाने आणि तापीच्या नुसत्या स्मरणाने पाप जातं. स्मरणाने भागत असेल तर तीन दिवसांची फी कशाची?

आत्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. पेन पुन्हा सुरू झालंय, काल सकाळची साखर 190 होती. बाटली मात्र देवघरातून हलवू देत नाही. राहू दे म्हटलं. झाकणावर तेवढी चिकटपट्टी लावून आलोय.