हलगी वाजवा, पण बोलू नका

चौदा वर्षं झाली देश सोडून, पण पुण्यातल्या सोसायटीचा ग्रुप काही सोडवत नाही. यंदा त्यावर वाद पेटला. मागच्या वस्तीतल्या पोरांनी आमच्या गणपतीत हलगी वाजवली, तोवर टाळ्या. मग त्यांनी संविधानाची उद्देशिका चालीवर म्हटली आणि पाठोपाठ वस्तीतल्या कोरड्या नळावरचं कवन. झालं! "पोरं गुणी आहेत, पण हे हक्कबिक्क कोण भरवतंय त्यांच्या डोक्यात?" माझ्या आतेभावाच्या या सवालाला सदतीस अंगठे.

माझं डोकंच फिरलं. मी राहते स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला. इथल्या राप्लॉकची पोरं टेस्कोसमोरच्या बसमध्ये पाठीवर चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण भलंमोठं वाद्य, घेऊन चढतात, कुणी मान वर करून बघत नाही. राप्लॉक म्हणजे एकेकाळी नाव काढलं की लोक नाक मुरडायचे अशी वस्ती. व्हेनेझुएलात होझे आंतोनियो आब्रेऊंनी १९७५ मध्ये गरीब मुलांचे वाद्यवृंद सुरू केले, त्याच धर्तीवर २००८ पासून इथे 'बिग नॉइज' चालतं. २०१२ च्या जूनमध्ये व्हेनेझुएलाचे वाद्यवृंद-संचालक गुस्ताव्हो दुदामेल आपला वाद्यवृंद घेऊन याच वस्तीत उघड्यावर वाजवून गेले. मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. वर हेही, की कलेत भाग घेणं हा मुलांचा हक्कच आहे, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं कलम ३१ बघा. भारतानं ती १९९२ मध्ये स्वीकारली. स्कॉटलंडनं तर २०२४ मध्ये तिचा कायदाच केला.

दादाचं, म्हणजे त्याच आतेभावाचं, उत्तर आलं : "तुझी पोरं व्हायोलिन वाजवतात. नळावर गात नाहीत."

लागलं, कारण खरं होतं. कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, शिव्या घालणारं गाणं मी राप्लॉकच्या कार्यक्रमात कधी ऐकलं नाही. ते आपल्याकडचं. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, १९४४ चं अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक : तिथे ढोलकी आणि हक्क वेगळे काढताच येत नाहीत. त्याची किंमतही आपल्याकडेच मोजली जाते. १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि चार दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. अशीच हक्कांची गाणी गाणाऱ्या पुण्याच्या कबीर कला मंचाचे कलाकार २०२० मध्ये पुन्हा गजाआड गेले.

(दादानं हेही शोधून काढलं की लंडनच्या पोलिसांचा एक 'फॉर्म ६९६' होता, कार्यक्रमात कुठलं संगीत वाजणार, ऐकायला कुठल्या वंशाचे लोक येणार, असले प्रश्न विचारणारा. २०१७ मध्ये तो रद्द झाला. मी लिहिलं, ते लंडन, आमचं स्कॉटलंड. 'आमचं' लिहून गेले खरी.)

आता खरं सांगते. चौदा एप्रिलला मागच्या त्याच वस्तीतून वामनदादा कर्डकांची भीमगीतं यायची आणि माझी परीक्षा असायची. आई खिडकी लावायची. मी म्हणायचे, कडीपण घाल. भिंतीपलीकडे मी एकदाही गेले नाही, आणि इथे मात्र पोरांच्या डब्यात पाच पौंड टाकून दिवसभर खुशीत असते.

काल आईला फोनवर विचारलं, "पाणी येतं का गं हल्ली?"

"आपल्याकडे ना? भरपूर," ती म्हणाली.