किल्लारीचा दोष मातीच्या घरांवर कशाला?

मातीच्या बांधकामाची टर उडवणारा एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भूकंपात माती घरच्यांना गाडते, किल्लारी आठवा, पावसात ती विरघळते, ‘नैसर्गिक’ विटांतही सिमेंट असतंच, आणि कॉम्प्युटरवर मॉडेल काढलं म्हणून मातीचं लोखंड होत नाही.

किल्लारीपासून सुरुवात करतो. तिथे हजारो माणसं गेली, त्यांच्या मरणाचं कारण तरी नीट सांगावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कोसळलेल्या बहुतेक भिंती दगडाच्या होत्या. चांगल्या दोन-दोन फूट जाड, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये गोटे आणि चिखलाची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसला तसे थर एकमेकांपासून सुटले. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दीड फूट माती, आणि गळती थांबवायला वेळोवेळी टाकलेली आणखी माती. एवढं ओझं डोक्यावर आणि भिंतीला बांधणी नाही, तर दुसरं काय होणार? २००१ च्या भूकंपात कच्छातले भुंगे, म्हणजे मातीच्या गोल भिंतींची, हलक्या गवती छपराची तिथली पारंपरिक घरं, बहुतांशी तगले. त्याच भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती पडल्या. मातीची घरं भूकंपात कशी टिकवावीत यासाठी आपल्याकडे आयएस १३८२७ हे मानक १९९३ पासून आहे. ते वाचायचं सोडून मातीला शिव्या देणं सोपं.

पावसाचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. उघडी माती धुपते. म्हणून तर कोकणात दगडाचं जोतं उंच घेतात, वळचण भिंतीपासून लांब काढतात. बांगलादेशातल्या रुद्रपूरची मेटी शाळा याच रीतीची आहे: खाली विटांचा पाया, ओल वर चढू नये म्हणून त्यावर थर, मग माती-पेंढ्याच्या भिंती, वरचा मजला बांबूचा. आना हेरिंगर आणि आइके रोसवाग या वास्तुकारांच्या या कामाला २००७ चा वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. बांगलादेशात पाऊस कमी पडतो, असं कुणी म्हणणार नाही.

सिमेंट असतं, हो. दाबून केलेल्या मातीच्या विटेत साधारण ५ टक्के घालतात. पण ती वीट भट्टीत जात नाही, आणि माती बहुधा जागेवरचीच असते. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. त्यातला बराचसा चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो, त्यामुळे इंधन बदलूनही तो थांबत नाही. तेव्हा कमी वापरलेलं प्रत्येक पोतं मोजण्यासारखं आहे.

राहिलं मॉडेल. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून कॉम्प्युटरला विचारायचा प्रश्न हा की छताला कोणता आकार दिला तर भार फक्त दाबाच्या रूपाने खाली उतरेल. दक्षिण आफ्रिकेतल्या मापुंगुब्वे इथल्या माहिती केंद्राची पातळ घुमटाकार छतं अशीच गणित करून उभी राहिली. त्यांच्या फरशा स्थानिक लोकांनी तिथल्याच मातीपासून दाबून काढल्या. इटलीत मास्सा लोम्बार्दा इथे २०२१ मध्ये ‘टेक्ला’ हे घर तर थेट स्थानिक मातीतून थ्रीडी प्रिंट झालं. मात्र मॉडेलमध्ये घालायचे आकडे मातीकडूनच यावे लागतात. काचेच्या बरणीत माती-पाणी घालून खळखळून हलवा: रेती मिनिटाभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळच राहते. थरांची उंची पाहूनच मातीत काय किती आहे याचा अंदाज येतो. आपली काळी माती ओलीने फुगते, सुकली की भेगाळते. ती आहे तशी भिंतीत घालाल तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवणार नाही.

आणि शहरात, जिथे चौरस फुटाला हजारो रुपये मोजावे लागतात, तिथे दीड फुटाची भिंत परवडत नाही. तिथे मी मातीचा आग्रह धरणार नाही. पण गावात स्वतःच्या जागेवर एकमजली घर बांधणाऱ्याला हा मजकूर पाठवून घाबरवू नका.