शिपवरची भाषा घरी आली तर येऊ द्या ना

शिपवरून सुट्टीवर आलेला माणूस किचनला गॅली म्हणतो, भिंतीला बल्कहेड, छताला डेकहेड, कुणी नोकरी सोडली तर 'साइन ऑफ झाला' म्हणतो, आणि मग घरातलं कुणीतरी हमखास 'पुरे आता तुझं' म्हणतं. मला हे फार लागतं. शायनिंग मारत नसतो हो तो. सहा-सहा महिने ज्या भाषेत जेवला, झोपला, वादळात घाबरला, ती विमानातून उतरल्यावर लगेच कशी सुटेल?

त्याची एक सवय तर घरच्यांनीच उचलावी असं मला वाटतं. काही सांगितलं की तो आधी तेच परत बोलून दाखवतो. ब्रिजवर, म्हणजे जिथून शिप चालवतात तिथे, 'पोर्ट टेन' (सुकाणू दहा अंश डावीकडे) अशी ऑर्डर आली की व्हीलवरचा माणूस मोठ्याने 'पोर्ट टेन' म्हणतो आणि रडर म्हणजे सुकाणू तिथे पोचलं की पुन्हा कळवतो, कारण ऐकण्यात चूक झाली तर शिप भलतीकडे वळते. डाव्या बाजूला पूर्वी 'लार्बोर्ड' म्हणायचे, ते 'स्टारबोर्ड' म्हणजे उजव्या बाजूसारखंच ऐकू यायचं, म्हणून तर ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये हुकूम काढून 'पोर्ट' हाच शब्द ठरवला.

थट्टेचंही तसंच, तिलाही काम असतं. नव्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ पोराला, बादलीभर वाफ आणायला इंजिन रूममध्ये पाठवतात, फॉग लॉकरची, म्हणजे धुकं ठेवायच्या कपाटाची, चावी मागायला लावतात, नाहीतर पोर्ट साइडच्या लाल दिव्यासाठी लाल तेल शोधायला. प्रत्येक जण गंभीर चेहऱ्याने त्याला पुढच्याकडे धाडतो, पोरगा अख्खी शिप पालथी घालतो, आणि शेवटी मेसरूममध्ये, म्हणजे जेवायच्या खोलीत, सगळे हसतात तेव्हा तोही हसतो, पण तोवर बोसनपासून (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) कुकपर्यंत सगळ्यांशी त्याचं बोलणं झालेलं असतं आणि कुठला जिना कुठे निघतो तेही कळलेलं असतं. वीस-बावीस माणसं, चार देशांची, भांडण झालं तरी बाहेर निघून जायची सोय नाही, तिथे पहिल्याच आठवड्यात सोबत हसणं फार मोलाचं आहे. मात्र कुणाला विनाकारण उंचावर चढवणं, बंद टाकीकडे पाठवणं, झोपेतून उठवणं याला मी थट्टा म्हणणार नाही, तो सरळ छळ आहे. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती हा नियम आहे, कॅडेटलाही तो लागू आहे.

आता काळजी वेगळीच आहे. फेब्रुवारी १९९९ पासून नवी रेडिओ यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि 'स्पार्क्स' म्हणजे रेडिओ ऑफिसर शिपवरून गेलाच, क्रू कमी झाला, आणि वॉच म्हणजे ड्युटीची पाळी संपली की जो तो केबिनमध्ये मोबाईल घेऊन बसतो. घरच्यांशी रोज बोलता येतं याचा मला मनापासून आनंद आहे, ते काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही, पण जुनी मंडळी रात्री ज्या थापा मारायची, ज्याला आम्ही 'लॅम्प स्विंग करणं' म्हणतो, त्या ऐकायला आता मेसरूममध्ये असतं कोण? कॅप्टन लोकांनी आठवड्यातून एक जेवण तरी वॉचवरचे सोडून सगळ्यांनी एकत्र, मोबाईल केबिनमध्ये ठेवून, असं ठरवूनच टाकावं.