परदेशातून : चोरी झाली, पण नोंद?

गेल्या महिन्यात तापीकाठच्या आमच्या शेतातून पंपाची केबल गेली. धाकट्या भावाने फोटो पाठवला: बांधाच्या कोपऱ्यात हातभर काळा डाग आणि त्यात वितळून चिकटलेलं प्लास्टिक. तांबं काढण्यासाठी चोरट्यांनी वायर तिथेच जाळली होती. विहिरीला पाणी आहे, केळी निसवणीला आलीय आणि पंप बंद. तक्रार दिलीस का, असं विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे ना दादा. भंगारात गेली असेल एव्हाना. ठाण्यात दिवस घालवू की नवी केबल आणू?"

त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर जळगावातल्या एका घरफोडीवरून वाद पेटला होता. उन्हाळ्यात ४४-४५ अंशांत सगळं घर गच्चीवर झोपतं आणि खाली कुलूप तुटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की कपाटात दागिने असतात. खानदेशात हे कुणाला सांगायला नको. काका म्हणाले कॉलनीत कॅमेरे लावा, कुणी म्हणालं गुरखा ठेवा. शेवटी एकाने लिहिलंच, "परदेशात असं नाही, तिथे पोलीस चोराला सोडत नाहीत."

हे खरं नाही. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमधलं माझं घर फुटलं. मागच्या दाराची काच काढून आत आले आणि इतर कशाला हात न लावता सरळ झोपायच्या खोलीत गेले. मायने दिलेली पोत आणि पाटल्या गेल्या. भारतीय घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांनाही पाठ आहे. दिवाळीच्या तोंडावर पोलीस आपल्या लोकांना तसं सावधही करतात. फोन केल्यावर मला गुन्ह्याचा क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी एक बाई येऊन चौकटीवर पावडर टाकून ठसे घेऊन गेल्या. पाच आठवड्यांनी पत्र आलं: संशयित सापडला नाही, तपास थांबवत आहोत. इथल्या बहुतेक घरफोड्यांचा शेवट असाच होतो. लोकांची नाराजी इतकी वाढली की प्रत्येक घरफोडीच्या जागी पोलीस जातील, असं पोलीसप्रमुखांना २०२२ मध्ये जाहीर करावं लागलं.

मग फरक कशात आहे? माझी चोरी मोजली गेली. इथे २०११ पासून कुणालाही नकाशावर आपल्या गल्लीतले गुन्हे बघता येतात. शिवाय १९८२ साली सुरू झालेल्या सर्वेक्षणात हजारो घरांना विचारतात, तुमचं काय चोरीला गेलं? तक्रार दिलेली असो वा नसो. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घरफोड्या आणि गाड्यांच्या चोऱ्या खूप घटल्या, हे ठामपणे सांगता येतं आणि का घटल्या यावर भांडताही येतं.

जळगावचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात शहरांचे वेगळे तक्ते असतात ते २० लाखांवर लोकसंख्येच्या महानगरांचे. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर. २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजारांचं जळगाव शहर जिल्ह्याच्या एका ओळीत बसतं. चोपड्याच्या विहिरीवरची मोटार, चाळीसगावची मोटारसायकल आणि शहरातली घरफोडी, सगळं त्यातच. त्या ओळीतही माझ्या भावाची केबल नाही. बाजारात खिशातून काढलेला मोबाइल कित्येकदा 'गहाळ' म्हणून लिहिला जातो, तोही नाही.

अशा वेळी "चोऱ्या फार वाढल्यात" असं कुणीही म्हणावं, आणि बोट जातं ते गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या भटक्यांकडे. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र तसाच राहिला. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून. ग्रुपवर कुणी 'बाहेरची टोळी' असं लिहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून कॅमेऱ्याच्या आधी मला कागद हवा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यानुसार, तक्रार ऑनलाइन पाठवता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते; हद्द कुठलीही असली तरी पोलिसांना तक्रार घ्यावी लागते आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मला इथे जसं पत्र आलं, तसं मागायचा हक्क भावालाही आहे. माल सापडलाच तर तो वर्षानुवर्षं ठाण्यात पडू नये, पंचनामा करून, फोटो काढून मालकाला परत द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. फक्त वस्तू आपली आहे हे दाखवता आलं पाहिजे. माझ्याकडे पोतीचा एक धड फोटो नव्हता, सराफाची पावती नव्हती. विमा कंपनीने भरपाई निम्म्यावर आणली.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मायला कपाटातले दागिने एकेक करून पांढऱ्या टॉवेलवर ठेवायला लावले आणि वहिनीने फोटो काढले. भाऊ सोमवारी ठाण्यात जाऊन आला. तक्रारीत त्याने 'अंदाजे ६० मीटर केबल' असं लिहिलं होतं. काल जुन्या केबलचं बिल ठिबकच्या फाईलमध्ये सापडलं, ते घेऊन तो उद्या पुन्हा जाणार आहे.