जगज्जेता कोन हाय, सांगा न जी!

अमेरिकेत शनिवारी रात्री मोठी बॉक्सिंगची झुंज असली, की नागपुरात ती रविवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला संपते. म्हणजे नेमकी तर्री-पोह्याची वेळ. बॉक्सिंग कळणाऱ्या माणसाचं दुर्दैव इथूनच सुरू होतं. एका हातात प्लेट, पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, दुसऱ्या हातात मोबाइलवर निकाल, आणि शेजारचा गडी स्क्रीनवर डोकावून विचारतो, "मंग आता जगज्जेता हाच ना जी?"

क्रिकेटवाल्यांचं बरं असतं. त्यांना "हो" म्हणून पुढचा घास घेता येतो. आम्हाला आधी प्लेट खाली ठेवावी लागते.

कारण उत्तर देण्याआधी उलट विचारावं लागतं: कोणत्या वजनाचा, आणि कोणाचा? पूर्वी वजनाचे आठच गट होते. फ्लाय, बँटम, फेदर, लाइट, वेल्टर, मिडल, लाइट हेवी आणि हेवी, संपलं. आता १७ आहेत. फ्लायवेट ११२ पौंडांचा आणि त्याच्या डोक्यावर ११५ पौंडांचा सुपर फ्लायवेट. मधलं अंतर ३ पौंड, म्हणजे पुरते दीड किलोही नाही. सावजीत जेवून वर पाणी प्यायलेला माणूस त्याच बैठकीत गट बदलू शकतो. बरं, १७ वर सगळ्यांचं एकमत आहे म्हणावं, तर जगज्जेतेपदाचे किताब वाटणाऱ्या चार संघटनांपैकी (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ) डब्ल्यूबीसीने २०२० मध्ये क्रूझर आणि हेवीच्या मधे ब्रिजरवेट नावाचा आणखी एक गट घुसवला. नावांवरही एकमत नाही. १५४ पौंडांचा बॉक्सर डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसीच्या दप्तरी 'सुपर वेल्टर' असतो, तर आयबीएफ आणि डब्ल्यूबीओकडे 'ज्युनियर मिडल'. काटा तोच आणि माणूसही तोच. एकाच्या लेखी तो वेल्टरपेक्षा थोर, दुसऱ्याच्या लेखी मिडलपेक्षा लहान.

इथपर्यंत ऐकून विचारणाऱ्याची अर्धी प्लेट संपलेली असते. आमची तशीच.

मग "कोणाचा?" याकडे यावं लागतं. न्यूयॉर्क राज्याने १९२० मध्ये कायदा करून बॉक्सिंगला परवानगी दिली आणि आपला आयोग नेमला. तो आयोग आपल्या मर्जीने जगज्जेते ठरवू लागला. न्यूयॉर्कने ठरवायचं आणि आपण माना डोलवायच्या, हे बाकीच्या राज्यांना पटेना. त्यांनी १९२१ मध्ये नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन काढली. म्हणजे भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे. 'पूर्वी एकच चॅम्पियन असायचा' हे म्हातारे सांगतात ते निम्मंच खरं. १९६२ मध्ये या असोसिएशनच्या नावातलं 'नॅशनल' जाऊन 'वर्ल्ड' आलं आणि ती डब्ल्यूबीए झाली. १९६३ मध्ये मेक्सिको सिटीत डब्ल्यूबीसी उभी राहिली. पुढे डब्ल्यूबीएच्या अध्यक्षपदाची निवडणूक बॉब ली हरले. हरलेला माणूस आपल्याकडे दुसऱ्या पक्षात जातो. लींनी १९८३ मध्ये स्वतःचीच संघटना काढली, ती आयबीएफ. (रँकिंगसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात हेच ली २००० मध्ये मनी लाँडरिंग आणि करचुकवेगिरीत दोषी ठरले, पण पट्टे, म्हणजे चॅम्पियनच्या कमरेला बांधायचे किताब, चालूच राहिले.) १९८८ मध्ये डब्ल्यूबीएच्याच अधिवेशनातून पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकची मंडळी नियमांवरून सभात्याग करून बाहेर पडली आणि त्यांनी डब्ल्यूबीओ स्थापन केली. सभात्याग म्हणजे काय, हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. दर डिसेंबरात तो विधानभवनासमोर पाहतोच. फरक एवढाच, की आपले आमदार चहा पिऊन परत आत जातात.

चार संघटना, १७ गट, म्हणजे ६८ जगज्जेते. हिशेब इथे थांबला असता तर पोहे कोमट तरी मिळाले असते. पण डब्ल्यूबीएकडे एकाच गटात 'सुपर' चॅम्पियन असतो आणि त्याच्या खाली 'रेग्युलर' चॅम्पियनही. २०१७ ते २०२१ या काळात मॅन्युएल चार नावाचे बॉक्सर हेवीवेटचे रेग्युलर चॅम्पियन होते, आणि त्या सबंध काळात त्यांनी किताब एकदाही पणाला लावला नाही. रेग्युलर या शब्दाची इतकी शोभा कोणी केली नसेल. चॅम्पियन जायबंदी झाला तर तात्पुरता म्हणून 'इंटरिम' नेमतात, आणि सरकारी प्रभारी अधिकाऱ्यासारखा तो तात्पुरता बराच काळ टिकतो. डब्ल्यूबीसीकडे याशिवाय सिल्व्हर आहे, डायमंड आहे, निवृत्तांसाठी 'एमेरिटस' आहे आणि २०१९ मध्ये 'फ्रँचायझी' चॅम्पियनही आला.

"एवढे काऊन जी?" हा या सकाळचा सर्वांत शहाणा प्रश्न, आणि याचंच उत्तर सर्वांत सोपं आहे. संघटना किताबाच्या झुंजीला मान्यता देते आणि त्याबद्दल दोन्ही बॉक्सरांच्या मानधनातून वर्गणी घेते, साधारण ३ टक्के. मानधन १ कोटी असेल तर एका पट्ट्याचे ३ लाख. चारही पट्टे पणाला असतील तर १२ लाख. फार मोठ्या रकमांवर कमाल मर्यादा असते किंवा घासाघीस होते, पण तत्त्व हेच. किताब नसलेल्या झुंजीत संघटनेला काही मिळत नाही. जितके किताब, तितक्या पावत्या.

चारही पट्टे एकाच कमरेला बांधता येतात का? येतात. बर्नार्ड हॉपकिन्सने २००४ मध्ये ऑस्कर दे ला होयाला हरवून मिडलवेटमध्ये ते पहिल्यांदा करून दाखवलं. हेवीवेटमध्ये हे जमायला १८ मे २०२४ उजाडला. रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवलं. जून संपायच्या आत उसिककडचा आयबीएफचा पट्टा गेला. कोणाकडून हरला? कोणाकडूनही नाही. हीच गोष्ट समजावताना कांदा-लिंबू सगळं पोह्यांत मुरून जातं. प्रत्येक संघटनेचा आपला क्रमांक एकचा दावेदार असतो आणि ठरल्या मुदतीत चॅम्पियनने त्याच्याशी लढलंच पाहिजे; आयबीएफची मुदत नऊ महिन्यांची. चार पट्टे म्हणजे चार दावेदार, आणि मोठ्या करारात हरलेल्याशी पुन्हा लढायचं कलम असतं ते वेगळंच. माणूस वर्षात दोनदा लढतो. कोणीतरी रुसणारच, आणि जी रुसते ती पट्टा काढून घेते. फ्युरीने २८ नोव्हेंबर २०१५ ला क्लिच्कोला हरवलं, आणि दहा दिवसांत आयबीएफने त्याचा पट्टा काढला, कारण त्याच्या करारात क्लिच्कोशी पुन्हा लढणं होतं. लग्नाची हळद उतरायलाही याहून जास्त दिवस लागतात.

उलटही होतं. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने मुहम्मद अलीला हरवलं. डब्ल्यूबीसी म्हणाली, आता केन नॉर्टनशी लढ. स्पिंक्सने अलीलाच पुन्हा संधी द्यायचं ठरवलं. डब्ल्यूबीसीने पट्टा काढून नॉर्टनला दिला, तोही आधीच्या नोव्हेंबरात त्याने जिमी यंगला हरवलं होतं त्या बळावर. पगारवाढ मागल्या तारखेपासून लागू झालेली आपण ऐकतो. इथे जगज्जेतेपद झालं. जूनमध्ये नॉर्टन लॅरी होम्सकडून हरला. म्हणजे जागतिक किताबाची एकही झुंज न जिंकता जगज्जेता होऊन गेलेला हेवीवेट म्हणून त्याचं नाव राहिलं. १९९२ मध्ये रिडिक बोने तर लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो किताब मग लेनॉक्स लुईसला बसल्या जागी मिळाला.

पण यात माझा आवडता माणूस ग्रासियानो रोकिजियानी. १९९८ मध्ये बर्लिनला मायकल नन्नला हरवून तो डब्ल्यूबीसीचा लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला. किताब रिकामा होता, कारण रॉय जोन्सने तो सोडला होता. नंतर जोन्सचं मन बदललं. मग डब्ल्यूबीसीच्या यादीत जोन्स पुन्हा चॅम्पियन दिसू लागला आणि रोकिजियानी झाला इंटरिम. तो आधी चॅम्पियन म्हणून छापला गेला, ती म्हणे टायपिंगची चूक! आपल्या सातबाऱ्यावर असं झालं तर आपण तहसीलला खेटे घालतो. हा गडी न्यूयॉर्कच्या कोर्टात गेला. कोर्टाने त्याला सुमारे ३ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. डब्ल्यूबीसीला दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली, आणि २००४ मध्ये तडजोड झाली तेव्हा कुठे दुकान वाचलं.

यावर गाडीवरचे सगळे खदाखदा हसतात. हसू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे संघटनांच्या भांडणापायी दोन 'महाराष्ट्र केसरी' झाले, धाराशिवला शिवराज राक्षे आणि पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख. दोघांनाही गदा मिळाली.

वर्तमानपत्रांची गंमत निराळी. विजेंदर सिंगने २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिक किताब जिंकला, पुढच्या वर्षी मुंबईत डब्ल्यूबीओ ओरिएंटल. दोन्ही प्रादेशिक किताब. रँकिंगमध्ये चढायला उपयोगाचे, पण जागतिक नव्हेत. मथळ्यात 'डब्ल्यूबीओ' दिसलं, की मधला 'एशिया पॅसिफिक' वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून निसटतो. तेव्हा मथळ्यात विशेषण शोधा: इंटरिम, रेग्युलर, सिल्व्हर, ओरिएंटल. यातलं एक जरी सापडलं, तर मिठाई वाटायची घाई नको. टीव्हीवर असाल तर पट्ट्यांचे रंग बघा: हिरवा डब्ल्यूबीसीचा, लाल आयबीएफचा, किरमिजी डब्ल्यूबीओचा. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे त्याने कोणाला हरवलं ते बघा. आधीच्या खऱ्या चॅम्पियनला रिंगणात पाडून मिळालेला किताब एकीकडे आणि पत्राने आलेला दुसरीकडे. मी तरी पहिल्यालाच मानतो.

आपल्या अल्फिया पठाणचं म्हणूनच बरं वाटतं. मानकापूरच्या क्रीडा संकुलात घाम गाळलेली ही नागपूरची पोरगी २०२१ मध्ये पोलंडला ८१ किलोंवरच्या गटात युवा विश्वविजेती झाली. एक स्पर्धा, एक अंतिम लढत, एक सुवर्ण. अर्थात हौशी बॉक्सिंगलाही दृष्ट लागलीच. २०२३ मध्ये हौशी बॉक्सिंगची जागतिक संघटना असलेल्या आयबीएसमोर 'वर्ल्ड बॉक्सिंग' ही नवी संघटना उभी राहिली, ऑलिंपिक समितीने आयबीएची मान्यता काढली, आणि आता जागतिक स्पर्धाही दोघींच्या वेगवेगळ्या.

"ते जाऊ द्या जी. चॅम्पियनचं नाही समजत, तं नंबर लावते ते त तरी बराबर असन ना?"

असन कुठलं! डब्ल्यूबीओच्या सुपर मिडलवेट यादीत २००१ मध्ये डॅरिन मॉरिस दोनदा वर सरकला, पाचव्या क्रमांकापर्यंत पोचला. ऑक्टोबर २००० मध्येच तो वारला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेजारचा गडी तर्रीचा शेवटचा घोट घेत विचार करतो आणि निकाल देतो. "मंग बराबरच हाय न जी. मेल्यापासून एकबी फाइट हारला नाही तो."