फोनला मराठी कळत नाही, त्यात आपल्या जिभेचा काय दोष?

घरोघरच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. फोनमधला व्हॉइस असिस्टंट तुमचं ऐकत नसेल तर खोट फोनमध्ये नाही, तुमच्या बोलण्यात आहे, असं त्याचं म्हणणं. पुढे उपाय दिलेत: शुद्ध बोला, गावाकडचे उच्चार सोडा, इंग्रजीची भेसळ थांबवा, एकेक शब्द सुटा करून सावकाश बोला, रोज बोलत राहा म्हणजे यंत्र आपोआप शिकतं, आणि फोन तोंडाजवळ धरा. यातला शेवटचा सोडला तर एकही उपाय मला पटलेला नाही.

आधी शुद्ध बोलण्याचं बघू. आमच्या सासूबाईंनी उभी हयात शाळेत मराठी शिकवलं. त्यांचा ळ आणि ण ऐकत राहावा असा. त्या फोनला सांगतात, ‘जोश्यांना फोन लाव.’ फोनचं उत्तर, या नावाचं कुणी सापडलं नाही. नातू शेजारून ओरडतो, ‘कॉल जोशी काका,’ आणि लगेच रिंग जाते.

असं का होतं? फोनमध्ये नाव रोमन अक्षरांत साठवलेलं, नुसतं ‘जोशी काका’. मराठीत प्रत्यय लागला की नावाचं रूप पालटतं. जोशींचे जोश्यांना, गोखलेंचे गोखल्यांना, साळवींचे साळव्यांना. हे रूप सोडवून मूळ नाव शोधायचं आणि मग ते रोमन अक्षरांशी जुळवायचं, ही दोन्ही कामं यंत्राची. त्याला ती जमली नाहीत की खापर सासूबाईंवर! गजराचीही तीच गत. पावणेसातचा गजर सांगितला तर त्यांच्या फोनवर कधी सातचा लागतो, कधी फोन इंटरनेटवर काहीतरी शोधायला निघतो. ‘सिक्स फॉर्टी फाइव्ह’ म्हटलं की बिनबोभाट काम होतं. म्हणजे बोलणं जितकं मराठी, तितकी अडचण जास्त. मेसेज नेमका उलटं सांगतोय.

आता गावाकडच्या उच्चारांकडे येऊ. वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, पुष्कळ ठिकाणी पाण्याचं पानी होतं, आणि समोरच्या माणसाला त्यात काही अडत नाही. यंत्राला अडतं, कारण असं बोलणं त्याला पुरेसं ऐकवलेलंच नसतं. हे फक्त मराठीपुरतं असतं तरी एक वेळ मेसेजवाल्यांचं ऐकून घेतलं असतं. पण २०२० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्यांच्या, बोलणं ऐकून लिहून काढणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या माणसांचं बोलणं उतरवताना शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, कृष्णवर्णीयांचं उतरवताना ३५. दोघांचीही मातृभाषा इंग्रजीच. फरक होता तो यंत्राला कुणाचा आवाज किती ऐकवला याचा, आणि संशोधकांनीही बोट तिकडेच दाखवलं.

मराठीच्या वाट्याला काय येतं याचा अंदाज चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीच्या ‘व्हिस्पर’वरून बांधता येतो. तीही बोलणं ऐकून लिहून काढणारी यंत्रणा. २०२२ मध्ये आलेल्या या यंत्रणेला ६ लाख ८० हजार तासांचा आवाज ऐकवला होता. त्यात सुमारे दोन तृतीयांश इंग्रजी. इंग्रजीखेरीज ९६ भाषांमधल्या बोलण्याचे, त्याच भाषेत लिहून काढलेले तास सगळे मिळून १ लाख १७ हजार, आणि त्या पंक्तीत चिनी, जर्मन, स्पॅनिश, रशियन आधीच पाट अडवून बसलेल्या. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. पण किती माणसं बोलतात याला इथे किंमत नाही. कुणाचं बोलणं लिहून काढलेल्या मजकुरासकट तयार मिळतं, याला आहे.

इंग्रजीच्या भेसळीचा मुद्दा तर कंपन्यांनीच निकालात काढलाय. २०२४ मध्ये ॲपलने सिरी या आपल्या व्हॉइस असिस्टंटसाठी जी सोय आणली तीच मुळी भारतीय इंग्रजीत मराठीसकट नऊ भारतीय भाषा मिसळून बोलणाऱ्यांसाठी. ‘ट्रॅफिक किती आहे’ यातल्या ट्रॅफिकला वाहतुकीची वर्दळ म्हणून बघा, फोन आणखीच गोंधळेल.

सावकाश, तोडून तोडून बोलण्याचा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. ही यंत्रणा नेहमीच्या वेगाच्या बोलण्यावर तयार झालेली असते. शिवाय माणूस थांबला म्हणजे त्याचं बोलणं संपलं, असं ती धरून चालते. तुम्ही ‘उद्या सकाळी’ म्हणून दम घेतलात की तिने तेवढंच उचललं आणि उद्याचं हवामान सांगायला सुरुवात केली!

यंत्र आपोआप शिकतं, हेही अर्धंच खरं. २०१९ मध्ये उघड झालं की ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्या लोकांच्या आवाजाच्या काही ध्वनिफिती माणसांना ऐकवत होत्या, यंत्र कुठे चुकतंय ते तपासायला. ॲपलने त्याबद्दल माफीही मागितली. शिकवायला माणूसच लागतो. आपण घरी बसून फोनला रोज शंभरदा ‘जोश्यांना’ म्हटलं म्हणून तो ते शिकेल, याची काही शाश्वती नाही. खरं काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) ‘रेस्पिन’ या प्रकल्पात झालं. तिथे मराठीसह नऊ भाषांमधलं शेतीचं आणि पैशांच्या व्यवहाराचं बोलणं त्या त्या भाषांच्या बोलींसकट गोळा केलं गेलं. हे व्हायला पैसा लागतो, माणसं लागतात, गावोगाव फिरावं लागतं.

राहिला शेवटचा उपाय. फोन तोंडाजवळ धरा, मिक्सर बंद करा आणि कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. एवढं मात्र खुशाल पुढे पाठवा.